यमुनेपलीकडचे माहेर

माहेर हा शब्द मराठी भाषेने मुख्यतः स्त्रियांसाठी राखून ठेवला आहे. लग्न होऊन दुसऱ्या घरी गेलेली मुलगी चार दिवस आपल्या जन्मघरी येते, तेव्हा तिच्या वाट्याला येणाऱ्या सुखाला माहेरपण म्हणतात. हे सुख नीट पारखून पाहिले तर मोठे विलक्षण आहे. ज्या घरात ती वाढली ते घर आता तिचे राहिलेले नसते, आणि परक्याचेही झालेले नसते. तेथे तिला हक्क असतो, जबाबदारी नसते. तिने काही मागावे आणि ते तिच्या पुढ्यात यावे, एवढी तिची सत्ता. परंतु घराच्या किल्ल्या आता भावजयीच्या कमरेला असतात, आणि हे तिलाही मान्य असते.

गेल्या शतकात नोकरीने आणि बदलीने माणसांना इतके हिंडविले, की हे नाते आता स्त्रियांपुरते राहिलेले नाही. ज्या शहरात उमेदीची पंचवीस-तीस वर्षे गेली, मुले वाढली, शेजाऱ्यांशी उसनवारी झाली, आजारपणे निघाली, ते शहर निवृत्तीनंतर किंवा बदलीनंतर सुटते. मग कधी तरी चार दिवसांची सुटी मिळते आणि पाय तिकडे वळतात. अशा वेळी तो मनुष्य त्या शहरात कोण असतो? त्याला रहिवासी म्हणता येत नाही, कारण त्याचे घर तेथे नाही. प्रवासी म्हणावे, तर त्याला वाट विचारावी लागत नाही. त्याचे नाते माहेरवाशिणीचे असते. ‘येथे पाहण्यासारखे काय आहे?’ असे प्रवासी विचारतो. ‘ते अजून आहे का?’ असे माहेरवाशीण विचारते. या दोन प्रश्नांतील अंतर समजून घेण्यास दिल्लीतील मराठी कुटुंबांचे उदाहरण फार उपयोगी पडते, आणि त्यातही यमुनेच्या पूर्वतीरावरील मयूर विहार या वसाहतीचे.

मराठी माणसाचा दिल्लीशी संबंध जुना असला तरी तो दीर्घकाळ मुक्कामाचाच होता, वस्तीचा नव्हता. १७३७ साली पहिल्या बाजीरावाच्या फौजेने तालकटोऱ्याजवळ तळ दिला आणि ती माघारी फिरली. १७६० साली सदाशिवरावभाऊंनी लाल किल्ला घेतला. पुढल्याच जानेवारीत पानिपत झाले. १७८८ साली शिंद्यांच्या फौजेने शाह आलम बादशहाला पुन्हा तख्तावर बसविले, आणि पुढे सुमारे पंधरा वर्षे दिल्लीवर शिंद्यांचा वरचष्मा राहिला. त्याचा शेवट ११ सप्टेंबर १८०३ रोजी झाला. त्या दिवशी जनरल लेक याच्या इंग्रज फौजेने शिंद्यांच्या पलटणींचा पराभव केला. ही लढाई यमुनेच्या पूर्वेस, पटपडगंजच्या रानात झाली. पटपडगंज म्हणजे आजच्या मयूर विहाराचा अगदी शेजार! त्या लढाईचा स्मारकस्तंभ शेजारच्या नोएडातील गोल्फच्या मैदानात उभा आहे. ज्या भूमीवर मराठ्यांचे दिल्लीतील वर्चस्व संपले, तिच्याच आसपास पावणेदोनशे वर्षांनी मराठी कुटुंबे हप्ते भरून घरे घेऊ लागली, हा इतिहासाचा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे.

स्वातंत्र्यानंतर मराठी माणूस दिल्लीस गेला तो हातात फाईल घेऊन. चिंतामणराव देशमुखांसारखा अर्थमंत्री तेथे होता, आणि सचिवालयात टंकलेखन करणारा तरुणही होता. आकाशवाणी, वृत्तपत्रे, सैन्य, संसद, विद्यापीठे, संशोधनसंस्था अशा ठिकाणी ही माणसे विखुरली. पहाडगंजात बृहन् महाराष्ट्र भवन आणि नूतन मराठी विद्यालय यांनी त्यांना एकत्र येण्यास जागा दिली. १९५४ साली तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली दिल्लीत मराठी साहित्य संमेलन भरले. त्यानंतर तब्बल ७१ वर्षांनी, फेब्रुवारी २०२५ मध्ये, तारा भवाळकर यांच्या अध्यक्षतेखाली ९८वे संमेलन दिल्लीत भरले, तेही तालकटोऱ्यालाच. परंतु संस्था असल्या तरी घर सरकारी असे. निवृत्तीचा दिवस आला की क्वार्टर रिकामे करावे लागे, आणि सामानाबरोबर आठवणीही बांधून पुणे, नाशिक, नागपूर गाठावे लागे. क्वार्टर सोडले की त्या दारावर दुसऱ्याच्या नावाची पाटी लागे. असे घर मुक्कामाचे असते. त्याला माहेर होता येत नाही.

मयूर विहाराने हा प्रश्न निराळ्या रीतीने सोडविला. जुन्या दिल्लीच्या माणसाला यमुनेपलीकडचा हा मुलूख ‘जमनापार’ म्हणून ठाऊक होता, आणि त्या उच्चारात थोडी उपेक्षा असे. नदीकाठी चिल्ला, कोटला, दल्लूपुरा अशी गावे होती आणि पुराच्या मातीत भाजीपाला पिकविणारे शेतकरी होते. आणीबाणीच्या काळात शहरातील झोपडपट्ट्या उठवून त्रिलोकपुरीसारख्या पुनर्वसन वसाहती येथे वसविण्यात आल्या. त्यानंतर, मुख्यतः १९८० नंतरच्या दशकात, दिल्ली विकास प्राधिकरणाच्या सदनिका आणि सहकारी गृहनिर्माण संस्था उभ्या राहिल्या. वसाहतीचे भाग पडले त्यांना ‘फेज’ म्हणू लागले, आणि फेजच्या पोटात ‘पॉकेट’. नाव मात्र मोराचे मिळाले. समान व्यवसायाच्या माणसांनी एकत्र येऊन सोसायट्या केल्या. ‘समाचार अपार्टमेंट’ हे नाव ऐकताच तेथे पत्रकारांनी घरे बांधली असणार हे कळते. हिंदीतील थोर लेखिका कृष्णा सोबती यांनी उतारवयात याच वसाहतीत वास्तव्य केले. त्यांचा जन्म आज पाकिस्तानात असलेल्या गुजरात या गावचा. आपले गाव कायमचे हरपलेली ती लेखिका आणि आपले गाव मागे ठेवून आलेला मराठी कारकून अशी माणसे एकाच वसाहतीत आली.

मयूर विहाराचे वैशिष्ट्य येथेच आहे. जुनी गावे सोडली तर तेथे मूळचा असा कोणीच नव्हता. पंजाबी, बंगाली, मल्याळी, तमिळ, बिहारी, कुमाऊंनी, मराठी, सगळेच बाहेरचे. ज्या गल्लीत सगळेच पाहुणे, तेथे यजमानपण वाटून घ्यावे लागते. शेजारची मल्याळी बाई ‘चेची’ झाली, वरच्या मजल्यावरची बंगाली गृहिणी ‘माशीमा’ झाली, पंजाबी शेजारीण ‘भाभीजी’ झाली, आणि मराठी घरातली ‘काकू’ ही हाक चारही भाषांच्या मुलांच्या तोंडी बसली. हे चित्र सर्वस्वी गोड होते असे मात्र नाही. १९८४ च्या नोव्हेंबरात, इंदिरा गांधींच्या हत्येनंतर, याच परिसरातील त्रिलोकपुरीत शेकडो शिखांची कत्तल झाली. शेजार किती सहज मोडू शकतो, हेही या भागाला ठाऊक आहे. म्हणून तेथे जो शेजार टिकला त्याचे मोल अधिक.

हा शेजार कसा घडत गेला हे पाहावयाचे असेल तर जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मयूर विहारात असावे. दिल्लीला कडाक्याची थंडी असते. १३ जानेवारीस लोहडी येते. सोसायटीच्या मोकळ्या जागेत शेकोटी पेटते, तिला रेवड्या, भुईमुगाच्या शेंगा आणि मक्याच्या लाह्या वाहतात, आणि उरलेल्या ओंजळी सर्वांना वाटतात. दुसऱ्या दिवशी मराठी घरातून तिळगुळाचा डबा फिरू लागतो. बिहारी घरी दही-चिवड्याचा आणि तिळकुटाचा बेत असतो. बंगाली घरी नव्या गुळाची पिठे होतात. तमिळ घरी पोंगल उतू जाते. मल्याळी माणसे मकरविलक्कूच्या ज्योतीची आठवण काढतात. सूर्य एकच, संक्रमण एकच, आणि तीळ, गूळ व नवे धान्यही बहुतेक तेच. परंतु पाच स्वयंपाकघरांतून त्याची पाच रूपे निघतात आणि संध्याकाळपर्यंत सगळी एका टेबलावर येतात. मराठी बाईच्या हळदीकुंकवाला आलेल्या पंजाबी शेजारणीला प्रथम या समारंभाचा अर्थ समजावून सांगावा लागतो. तिसऱ्या वर्षी ती स्वतःच विचारते, ‘या वेळी वाण काय?’ संस्कृतीची देवघेव या शब्दाने जे सभागृहात सांगितले जाते, ते प्रत्यक्षात अशा एखाद्या डब्याच्या रूपाने जिना चढते. त्या डब्याचा एक अलिखित नियमही आहे: तो रिकामा परत पाठवावयाचा नसतो.

या नियमामुळे मराठी स्वयंपाकघर हळूहळू बदलले. हिवाळ्यात पोळीबरोबर मेथीच्या जोडीला बथुआ आला. सरसोंचा साग आणि मक्याची भाकरी ही रविवारची मेजवानी ठरली. छोले-भटुऱ्यांचे वेड लागले. हा पदार्थ दिल्लीत इतका रुजला त्यामागे फाळणीचा इतिहास आहे. १९४१ च्या शिरगणतीत दिल्लीची वस्ती नऊ लाखांच्या आसपास होती. १९५१ मध्ये ती साडेसतरा लाखांच्या आसपास गेली. पश्चिम पंजाबातून आलेल्या निर्वासितांनी या शहराची बोली बदलली आणि ताटही बदलले. मयूर विहारात उत्तर गुरुवायूरप्पन मंदिर उभे राहिले, त्याच्याबरोबर केळीची पाने, नेंद्र केळ्यांचे वेफर, नारळ आणि उकडा तांदूळ आला. गंमत अशी, की कोकणातून आलेल्या मराठी बाईला दिल्लीत ओळखीचे जिन्नस मिळाले ते मल्याळ्याच्या दुकानात! सकाळी मदर डेअरीच्या बूथवर टोकन टाकून दूध घेण्याची रांग, हीदेखील या भागाची एक संस्थाच होती. १९७४ साली स्थापन झालेल्या त्या डेअरीचा मोठा कारखाना शेजारच्या पटपडगंजातच आहे. त्या रांगेत बातम्या कळत, लग्ने जुळत, आणि पुढल्या सणाचे श्रीखंड किती जणांचे करावयाचे तेही ठरे.

अशा रीतीने ज्याचा संसार झाला, तो मनुष्य पुढे पुण्यास किंवा मुंबईस स्थायिक झाला की त्याच्या सुटीची दिशा उलटते. एके काळी शाळेला उन्हाळ्याची सुटी लागली की दिल्लीतील मराठी कुटुंबे पंजाब मेलने किंवा झेलम एक्सप्रेसने ‘गावी’ निघत. आता गावी राहणारे ते कुटुंब हिवाळ्यात दिल्लीस निघते. मुंबईहून कल्याण-नाशिक मार्गे जाणारी राजधानी गाडी २०१९ साली सुरू झाली. ती हजरत निजामुद्दीन स्थानकावर पोहोचते, आणि तेथून यमुनेचा पूल ओलांडला की मयूर विहार येतो. कोणत्या दिवसांत जावे, याचाही जाणत्याने विचार करावा. दिवाळीची सुटी मोठी असली तरी त्या सुमारास दिल्लीची हवा धुराने जड होते. म्हाताऱ्या माणसांना आणि लहान मुलांना ती सोसत नाही. डिसेंबरअखेर दाट धुके पडते, गाड्या रखडतात. जानेवारीचा उत्तरार्ध आणि फेब्रुवारी हा उत्तम काळ. ऊन कोवळे असते, फुले बहरलेली असतात, आणि शहरातील नाटके, गाणी, प्रदर्शने ऐन रंगात आलेली असतात.

मयूर विहारात उतरलेल्या जुन्या रहिवाशाला पहिला धक्का बसतो तो रस्त्यांचा. पूर्वी नदीपलीकडे जाणे हा एक उद्योग असे. बसची वाट पाहण्यात आणि पुलावरच्या कोंडीत सकाळ जाई. १२ नोव्हेंबर २००९ रोजी नोएडाकडे जाणारी मेट्रो सुरू झाली आणि मयूर विहारला स्थानक मिळाले. तेथून गाडीत बसले की अक्षरधाम, यमुना बँक, इंद्रप्रस्थ, सर्वोच्च न्यायालय, आणि पाचवे स्थानक मंडी हाउस. ज्या नाटकासाठी दोन तास आधी घर सोडावे लागे, ते आता अर्ध्या तासाच्या आत आले आहे. आणि दैवाची थट्टा अशी, की ज्याने ती दगदग सोसली तो आता तेथे राहत नाही!

मंडी हाउसच्या चौकात दिल्लीचे सांस्कृतिक जीवन एकवटले आहे, असे म्हणावयास हरकत नाही. रवींद्र भवनात साहित्य अकादमी आणि संगीत नाटक अकादमी आहेत. पलीकडे त्रिवेणी कला संगम, श्रीराम सेंटर, कमानी सभागृह. आणि १९५९ साली स्थापन झालेले राष्ट्रीय नाट्य विद्यालय. या विद्यालयाला १९६२ पासून १९७७ पर्यंत घडविणारे इब्राहिम अल्काझी हे जन्माने पुणेकर. १९६३ साली त्यांनी ‘अंधा युग’ फिरोजशाह कोटल्याच्या भग्नावशेषांत उभे केले, ती भारतीय रंगभूमीवरील एक मोठी घटना मानली जाते. १९९९ पासून हे विद्यालय ‘भारत रंग महोत्सव’ भरविते. त्यात मराठी नाटक असले, की प्रेक्षागृहात जुने दिल्लीकर मराठी हटकून भेटतात. त्रिवेणीची देखणी वास्तू जोसेफ स्टाइन या वास्तुशिल्पज्ञाने रचली. चिंतामणराव देशमुखांनी ज्याच्या उभारणीत पुढाकार घेतला ते इंडिया इंटरनॅशनल सेंटरही त्याचेच. दोन्ही ठिकाणी बाग, सावली आणि जाळीतून झिरपणारे ऊन यांना भिंतींइतकेच महत्त्व आहे. हिवाळ्यातल्या दुपारी त्रिवेणीच्या उपाहारगृहाबाहेर चहा घेत बसणे, हा दिल्लीकराच्या सुखाचा एक नमुना आहे. प्रवासी त्या वेळी कुतुबमिनाराच्या रांगेत उभा असतो.

खाण्याच्या बाबतीतही असाच फरक पडतो. प्रवाशाला परांठेवाली गल्ली आणि जामा मशिदीजवळचे १९१३ सालचे ‘करीम’ ही नावे कोणीही सांगते, आणि ती सांगण्याजोगीही आहेत. जुना रहिवासी राजीव चौकात गाडी बदलून चांदनी चौकात उतरतो, तो बहुधा भल्या सकाळी, ‘दौलत की चाट’ शोधण्यासाठी. नावावरून फसगत होते. ही चाट तिखट नाही. दूध घुसळून त्याच्यावर आलेला फेस हलक्या हाताने काढून घेतात. परंपरेनुसार हे दूध थंडीच्या रात्री उघड्यावर दहिवरात ठेवतात. त्या फेसावर खवा, केशर, भुरा साखर आणि पिस्ते घातले की झाले. तोंडात घालताच तो विरतो. काही खाल्ले की नाही असा संशय यावा इतका. लखनौला यालाच ‘मक्खन मलाई’ आणि काशीला ‘मलइयो’ म्हणतात. हा पदार्थ हिवाळ्यातच होतो, कारण ऊन चढले की फेस बसतो. तो बांधून नेता येत नाही, टिकत नाही, पाठविता येत नाही. गजक, रेवडी, सोहन हलवा हे पदार्थ पुण्यास नेता येतात. दौलत की चाट मात्र दिल्लीस जाऊनच खावी लागते.

शहराच्या सुखातही अशीच प्रतवारी असते. काही सुखे बांधून नेता येतात. छोल्यांची कृती वहीत लिहून घेता येते, गाण्याची तबकडी विकत मिळते, लाल किल्ल्याचे छायाचित्र भिंतीवर लावता येते. दुसऱ्या प्रकारची सुखे जागच्या जागीच घ्यावी लागतात. सोसायटीच्या हिरवळीवर रजई पांघरून उन्हात बसलेल्या बायकांची मटार सोलता सोलता चाललेली बोलणी, बुधवारचा म्हणून ‘बुध बाजार’ आणि सोमवारचा म्हणून ‘सोम बाजार’ या नावांनी ओळखले जाणारे रस्त्यावरचे आठवडी बाजार, हातगाडीवर निखाऱ्यांत भाजलेल्या रताळ्यांवर लिंबू पिळून दिलेली ‘शकरकंदी’, आणि ‘बहुत दिन बाद आए’ असे म्हणून भाजीवाल्याने वर टाकलेली मूठभर कोथिंबीर, ही सुखे पोस्टाने येत नाहीत. १९९४ पासून दिल्ली हाटमध्ये देशातील सगळ्या प्रांतांचे पदार्थ एका आवारात मिळतात, आणि मयूर विहाराहून तेथे थेट मेट्रो जाते. ती सोय उत्तम आहे. परंतु तेथे पैसे देऊन प्रांत चाखता येतो. वसाहतीत तोच प्रांत शेजारीण आग्रहाने वाढते आणि नको म्हटले तर रागावते. जुना रहिवासी सुटी काढून एवढ्या लांब येतो तो या रागासाठी.

म्हणूनच अशा भेटीत आनंदाबरोबर एक धाकधूकही असते. ‘ते अजून आहे का?’ या प्रश्नाचे उत्तर दर खेपेस थोडे बदललेले असते. दुधाच्या रांगेची जागा दारात येणाऱ्या पिशवीने घेतली. खालच्या दुकानदाराचा मुलगा दुकानात बसत नाही. ज्या सदनिकांत भाभीजी आणि माशीमा राहत, त्यांतील काही कुलूपबंद आहेत आणि काही भाड्याने दिल्या आहेत, कारण त्यांचीही मुले बंगळूरला, टोरांटोला गेली. मराठी कुटुंबाची सदनिका विकली गेली असेल, तर तिच्या खिडकीत आता निराळे पडदे दिसतात. अंगणात स्वतः लावलेला कडुनिंब मात्र तिसऱ्या मजल्यापर्यंत पोहोचलेला असतो, आणि तो विकत घेणाऱ्याच्या कागदपत्रांत कोठेही नोंदलेला नसतो.

सर्वांत मोठा बदल नदीचा आहे. मयूर विहाराला पूर्वी ताजा भाजीपाला मिळे तो यमुनेच्या पात्रालगतच्या शेतांतून. मुळा, पालक, फ्लॉवर सकाळी उपटलेले आणि दुपारी ताटात. परंतु दिल्लीचे सांडपाणी पिऊन नदी इतकी दूषित झाली, की भाजीत जड धातू उतरू लागले, आणि जानेवारी २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने नदी स्वच्छ होईपर्यंत पूरमैदानात खाद्य पिके घेण्यास मनाई केली. गणपतीचे विसर्जनही आता नदीत करता येत नाही. त्यासाठी कृत्रिम हौद करतात. याच नदीने आपण अजून जिवंत आहोत याची जाणीवही करून दिली. १३ जुलै २०२३ रोजी तिची पातळी २०८.६६ मीटरपर्यंत चढली. १९७८ च्या महापुरात ती २०७.४९ मीटरपर्यंत गेली होती. २०२३ च्या त्या पुरात काठावरच्या शेतकऱ्यांची खोपटी बुडाली आणि त्यांनी गुरावासरांसह मयूर विहाराच्या रस्त्याकडेला ताडपत्र्यांखाली आसरा घेतला. वर्षानुवर्षे ज्यांची भाजी खाल्ली त्या माणसांची ओळख अनेक घरांना त्या वेळी प्रथम झाली. माहेरच्या ताज्या भाजीची आठवण काढणाऱ्याने ती पिकविणाऱ्या माणसांची आणि त्या पाण्याचीही विचारपूस करणे उचित होय. नाही तर त्याचे प्रेम जिभेपुरतेच ठरेल.

मुलांचा प्रश्न याहून नाजूक आहे. दिल्लीत वाढलेल्या मराठी मुलांची भाषा निराळी असते. ती ‘पंखा लाव’ न म्हणता हिंदीच्या वळणाने ‘पंखा चालव’ म्हणतात, आणि पुण्यातील नातेवाईक हसतात. पुण्यात त्यांना दिल्लीचे समजतात आणि दिल्लीत मराठी. त्यांच्या आईबापांना गाव होते, दिल्ली हा मुक्काम होता. या मुलांना दिल्ली हेच गाव आहे. चाळिशीला आलेला असा मुलगा जेव्हा आपल्या मुलांना घेऊन मयूर विहारात येतो, तेव्हा तो त्यांना स्थळ दाखवीत नसतो, तर आपला मूळ पत्ता दाखवीत असतो. त्या मुलांना मात्र तेथे एक साधी चार मजली इमारत दिसते. ‘येथे काय आहे?’ हा त्यांचा प्रश्न रास्तच असतो. त्याचे उत्तर इमारत देऊ शकत नाही. दार उघडून ‘अरे, काकूंचा नातू!’ असे म्हणणारे कोणी असले तरच त्या मुलांना उत्तर मिळते.

या गोष्टीत माहेरपणाचे सगळे शास्त्र आले. आईबाप गेल्यावर भाऊभावजय दार उघडतात तोपर्यंतच घराला माहेर म्हणता येते. पुढे ते केवळ जन्मस्थान राहते. शहराचेही तसेच आहे. लाल किल्ला कोणालाही आत घेतो, आणि म्हणूनच तो कोणाचे माहेर होऊ शकत नाही. शहराला माहेरपण येते ते तेथे उरलेल्या चार-दोन माणसांमुळे, आणि ही माणसे आपोआप उरत नाहीत. त्यांना पत्र लिहावे लागते, संक्रांतीला तिळगूळ पाठवावा लागतो, त्यांच्या मुलांच्या लग्नाला जावे लागते, आणि दहा वर्षांनी एकदा जाण्यापेक्षा दोन वर्षांनी एकदा, थोडेच दिवस का होईना, जावे लागते. जाताना माहेरवाशिणीची रीतही पाळावी लागते. भावजयीने मांडणी बदलली म्हणून नाक मुरडावयाचे नसते. ‘आमच्या वेळी असे नव्हते’ हे वाक्य फार तर एकदा उच्चारावे. आता तेथे राहणारी जी तरुण कुटुंबे आहेत, आसामहून, ओडिशातून, विदर्भातून नुकतीच आलेली, त्यांच्यासाठी ते शहर आजच घडत आहे, आणि जुन्या रहिवाशाच्या आठवणींखाली त्यांनी वाकून राहावे अशी अपेक्षा करणे न्यायाचे नाही. उलट, एखाद्या नव्या मराठी कुटुंबाला जुन्या चेचीची ओळख करून देता आली, तर त्या भेटीचे सार्थक झाले असे समजावे. डबा फिरता राहिला पाहिजे. तो कोणाच्या हातून फिरतो हे दुय्यम आहे.

सुटी संपते. निजामुद्दीन स्थानकाकडे निघण्यापूर्वी सामानात गजकाचे डबे बसविले जातात. त्यांत एखादा स्टीलचा डबा शेजारच्या घरचा असतो, प्रवासात खाण्यासाठी पुऱ्या आणि लोणचे भरून दिलेला. तो पुण्यास पोहोचतो, धुतला जातो, आणि फडताळात दर्शनी जागी राहतो. नियमाप्रमाणे तो रिकामा परत करता येत नाही, आणि पोस्टाने पाठविणे कोणालाही प्रशस्त वाटत नाही. पुढल्या हिवाळ्यात दिल्लीस जाण्याला तेवढे निमित्त पुरते.